स्पंजाचं पोतं

गोदामाच्या दारात हमालाचं मोठं चित्र लावायचं ठरलं आणि चित्रासाठी उभं राहायला बोलावलं खांबतात्यांना. चौतीस वर्षं पोती वाहिलेला माणूस. ओझ्याखाली खांबासारखा उभा राहायचा, म्हणून हे नाव. आता निवृत्त, पाठीला पट्टा. बायकोने चित्रकलेच्या वर्गात येऊन बाईंना बजावलं होतं, "यांना वजन उचलू देऊ नका. हे ऐकायचे नाहीत, तुम्ही तरी ऐका."

बाईंनी ऐकलं. पोत्यात स्पंजचे तुकडे भरले. तात्या ते खांद्यावर घेऊन उभे राहिले आणि नऊ विद्यार्थ्यांनी कोळशाने कच्ची चित्रं काढली.

गोदामाचा मुकादम बघायला आला. चित्रांवरून नजर फिरवून म्हणाला, "काय रे खांब्या, उशी घेऊन झोपायला निघालास?"

तात्यांचे कान तापले. हे चित्र रोज शंभर हमाल बघणार. चौतीस वर्षांत एक पोतं खाली टाकलं नाही आणि आता उशीवाला म्हणून ओळखले जाणार!

"बाई, चित्रात वजन नाही."

"पोतं गडद करू."

"पोत्याचं नाही म्हणत हो, पायांत वजन नाही. माझंच चुकलं. स्पंजाखाली अंग खोटं बोलतं."

"मग चेहऱ्यावर थोडे कष्ट आणा ना."

"मी काय नाटकात आहे?"

दुसऱ्या दिवशी तात्या अर्धा तास आधी आले. शेजारी मूर्तिकामाची खोली होती. तिथल्या दोघांशी गोड बोलून त्यांनी पोत्याच्या तळाशी ओली माती भरून घेतली. वर स्पंज तसाच.

"बाई, पोतं जरा उजेडात घेता?"

बाईंनी एका हाताने खसकन ओढलं. पोतं जागचं हललं नाही, बाईच पोत्याकडे गेल्या. मान आत, कोपर बाहेर, चप्पल तिसरीकडे.

"हलू नका!" तात्या ओरडले. "काढा रे, काढा पटापट!"

वर्ग खो खो हसला. बाई लालबुंद झाल्या. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या अनवाणी पावलाकडे गेलं. पाचही बोटांनी फरशी घट्ट धरली होती.

"ओझं घेऊन मी उभी राहते. शिकवा मला," त्या म्हणाल्या.

"आधी टाचा टेका. गुडघे मोकळे. भार कमरेवर, मानेवर नको. दात आवळू नका, श्वास अडतो."

दोघा विद्यार्थ्यांनी पोतं बाईंच्या खांद्यावर चढवलं. पहिल्यांदा घसरलं. दुसऱ्यांदा बाई गरकन फिरल्या. तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. पाच मिनिटं भार, पाच मिनिटं आराम. असे चार दिवस. तात्या चित्र काढणाऱ्या प्रत्येकाच्या मागे उभे.

"अंगठा दाबलाय बघ. तू तरंगता काढलायस. पूस."

शेवटी एका चष्मेवाल्या विद्यार्थिनीचं चित्र निवडलं गेलं. चेहरा तात्यांचा, मानेखाली सगळ्या बाई. वर पँट रंगवली, झालं.

चित्र दारात लागलं तेव्हा मुकादम बराच वेळ समोर उभा राहिला. मग नकळत त्याचा हात पुढे गेला आणि पोत्याचा खालचा कोपरा सावरू लागला. रंग ओला होता. चार बोटं उमटली.

"याला म्हणतात उचलणं!" मुकादम हात पुसत म्हणाला. "आणि पाय तर मी हजारांत ओळखेन. खांब्याचेच!"

तात्या छताकडे बघू लागले. बाईंनी पदर तोंडाशी धरला.

माणसं पांगल्यावर बाई डाग झाकायला ब्रश घेऊन आल्या.

"राहू द्या," तात्या म्हणाले. "चार दिवस एकट्याने पेललंत. कुणी हात लावला तर नाही म्हणू नये."