मोरिता-सानचं गुडघ्याएवढं झाड

दुसऱ्यांच्या वाळवंटाचे जुने नकाशे स्कॅन करायचे, त्यात कसले आलेत किस्से, असं नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं. आता इथे जपानात, ग्योतोकुला घरी पोचून कुकर लावेपर्यंत नवऱ्याला एक तरी सांगून झालेला असतो. त्यातले निम्मे मोरिता-सानचे!

मोरिता-साननी ऐंशी पार केलीय. तरुणपणी एका खाणकंपनीसाठी परदेशातल्या वाळवंटात राहून हे नकाशे त्यांनीच काढले. आता आम्हाला न लागणारं अक्षर लावून द्यायला ते दर मंगळवारी लॅबमध्ये येतात.

पहिल्याच मंगळवारी मी चहाचा कप नकाशाच्या टेबलावर ठेवला. त्यांनी लगेच कप उचलला आणि अर्धा तास हातात धरून उभे राहिले! शेवटी मी विचारलं, "तुम्हाला हवाय का चहा?"

"मला नको. नकाशालाही नको."

*

एका शीटवर खाणीशेजारी तपकिरी गोल होता. तो खड्डा समजून मी तीन दिवस उपग्रहाच्या फोटोत शोधला. मोरिता-साननी चष्मा वर करून पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"सोया सॉस. घाईत जेवत होतो."

आणि मला चहाची बंदी!

*

एका छावणीजवळ एकट्या झाडाची खूण होती. लांबून दिसणाऱ्या मोठ्या झाडालाच ही खूण द्यायची, असा नियम. फोटोत त्या जागी नुसती वाळू. आसपास काळे ठिपके, पण ते दगडही असतील. आता नसेल ते लाल पेन्सिलीनं खोडायचं, हे माझं काम.

"किती उंच होतं?" मी विचारलं.

त्यांनी हात गुडघ्याशी नेला.

"मोरिता-सान!"

"आमचे आचारी हारा-सान, त्यांनी लावलं होतं. रोज तांदळाचं धुवण घालायचे. म्हटलं, नकाशा छापून होईपर्यंत वाढेल." मग हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी गेले ते. शेवटपर्यंत विचारत होते, जगलं का."

माझी पेन्सिल काही चालेना.

*

आमची सई सात वर्षांची. मराठीत बोललं तरी उत्तर जपानीत. जेवताना हे ऐकून तिनं विचारलं, "मग आता पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही गं. छावणी कधीच उठली."

तिनं घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्या वाळवंटात सध्या मोजणी करणाऱ्या टीमला मेल टाकला: कामाबाहेरचं आहे, पण एवढं एक झाड बघून याल का?

*

तीन आठवड्यांनी फोटो आला. माणसाच्या दुप्पट उंच झाड, सावलीत जेवणारा ट्रक ड्रायव्हर. टीमनं लिहिलं होतं: इथून जाणारा प्रत्येक ट्रकवाला बाटलीतलं थोडं पाणी याला घालतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आधीचे घालायचे म्हणून.

मोरिता-साननी फोटो बघितला. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग टीमनं पाठवलेली जागा नकाशाच्या प्रिंटशी ताडली, माझी लाल पेन्सिल घेतली, आपलीच खूण खोडली आणि शेजारी नवं झाड काढलं.

"हारा-सान," ते म्हणाले, "चाळीस मीटर चुकलो!"