तीन मजल्यांवरून सोडलेला रंग

"अहो सर, वाहू द्या की. परगावी थोडाच चाललाय!"

रंग सांडला आणि मी फडकं घेऊन धावलो, की आमच्या चित्रकलेच्या बाई हेच म्हणायच्या. आणि रंग तर रोजच सांडायचा, कारण त्या तो मुद्दामच सांडत.

हे बाईंच्या निवृत्तीनंतरचं. कर्वेनगरच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, त्या चित्रकला. खडकीच्या एका कामगाराची ही मुलगी. सातवीत असताना तिने काढलेलं बुद्धाचं चित्र वडिलांनी चौकट करून भिंतीवर लावलं, ते बाईंच्या घरात शेवटपर्यंत होतं. त्यांच्यासारखी रेघ मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. फळ्यावर एका दमात वर्तुळ काढायच्या आणि मुलींकडे वळून म्हणायच्या, "कंपास विसरलेल्यांनी रडू नये."

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांचा उजवा हात कापू लागला, पुढे डावाही. औषधं झाली, व्यायाम झाले. पण ब्रश कागदाला टेकला की नुसते ओरखडे उठायचे. शेवटी त्यांनी रंगांची पेटी कपाटावर ठेवून दिली.

"हातानं इतकी वर्षं माझं ऐकलं," त्या मला म्हणाल्या. "आता ऐकत नाही. काय बोलणार त्याला?"

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. चहा ओतताना किटली हलली आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर चहा पसरला. मी उठलो, तर बाईंनी मला दटावलं, "बसा! पुसू नका." चहाचा ओघळ कागदाच्या सुरकुत्यांतून वाट काढत निघाला होता. बाई त्याच्यावर वाकून बघत राहिल्या. आम्ही दोघांनीही त्या दिवशी चहा प्यायला नाही.

मग त्या मंडईजवळून लांब चोचीच्या किटल्या घेऊन आल्या. सोसायटीच्या गच्चीवर जुन्या चादरी दोऱ्यांनी ताणायच्या, पातळ केलेला रंग वरून सोडायचा आणि दोरी सैल-घट्ट करत त्याला वळण द्यायचं. कितीतरी चादरी वाया गेल्या. एकदा लाल रंग खालच्या मजल्यावरच्या धुण्यावर उतरला. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दारावर पाटी लागली : 'गच्ची वाळवणासाठी आहे. रंगपंचमी वर्षातून एकदाच असते.' बाईंनी ती शांतपणे वाचली. "अक्षर सुरेख आहे. ओळ तेवढी तिरकी गेलीय," म्हणाल्या आणि किटल्या घेऊन वर गेल्या.

हा उद्योग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने पाहिला. ती तेव्हा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. कंपनीच्या नव्या इमारतीत मधोमध तीन मजले उंच मोकळी जागा होती. तिथे वरपासून खालपर्यंत उतरतं पांढरं कापड ताणायचं, उद्घाटनाच्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर वरून रंग सोडायचा आणि ते चित्र कायमचं तिथेच राहायचं, असं ठरलं.

तिच्या साहेबांनी बाईंचे हात पाहिले आणि ते जरा चपापले. "मॅडम, तुम्ही फक्त सूचना द्या. ओतायला आमची माणसं देतो."

"मग चित्रही तुमच्या माणसांचंच होईल," बाई म्हणाल्या. "मला कशाला बोलावलंत?"



त्या दिवशी तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले होते. खाली एका दोरीला मी, दुसरीला ती विद्यार्थिनी. वरून पिवळा आला, मग लाल. दोन्ही शहाण्यासारखे उतरले. निळा निघाला आणि एसीच्या झोताने कापड फुगलं. निळा रंग वाट सोडून थेट कडेला आला आणि खालच्या कोऱ्या संगमरवरावर टपकू लागला.

"थांबवा! अहो, फरशी!" साहेब ओरडले. मी घाबरून दोरी ओढली.

"सर, ओढू नका! सोडा!" वरून बाईंचा वर्गातला आवाज आला. "आणखी सोडा!"

मी दोरी सोडली. कापडाला मधे खोलगट झोळ पडला. निळा कडेवर थबकला, मागे वळला आणि पिवळ्यात शिरला. त्यातून हिरवा उठला. बाईंनी दुसरी किटली कलती केली. त्यांचे हात थरथरत होते, त्यामुळे धार हेलकावे खात पडत होती आणि प्रत्येक हेलकाव्याला रंगाची नवी फांदी फुटत होती. स्थिर हाताची धार सरळ खाली आली असती. ही तीन मजले बहरत आली.

 मग कुठल्यातरी कठड्यावरून एक टाळी आली आणि पाठोपाठ सगळी इमारत वाजू लागली. निळ्या झालेल्या बुटांनिशी साहेब सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. वर बाई किटली धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी अनेक ठिकाणी रंग सोडला. मार्केट यार्डातल्या एका रिकाम्या गाळ्यात सोडला, तेव्हा हमाल पोत्यांच्या थप्पीवर चढून शिट्ट्या मारत होते. आता बाई नाहीत. पण त्यांचा विषय निघाला की मला ती हिंजवडीहून परतीची संध्याकाळ दिसते.

कंपनीची गाडी नाकारून आम्ही बसने निघालो होतो. बाईंच्या पांढऱ्या साडीवर सगळे रंग उतरले होते. कंडक्टरने विचारलं, "काय आजी, घर रंगवायला काढलंय?"

"घर नाही हो, ऑफिस," बाई म्हणाल्या. "तीन मजले. एका दिवसात उरकलं!"

अख्खी बस हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने बाई. आमच्या स्टॉपवर मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतलाच नाही. दोन्ही हातांत रिकाम्या किटल्या खणखणवत त्या भर रस्त्यातून अशा झपाझप निघाल्या, की त्यांना गाठायला मला जवळजवळ पळावं लागलं.