तांडेलांची भिंत

बोटीवरून सुट्टीला आलेला गावचा माणूस घरी पोचायच्या आधीच तांडेल त्याला वाटेत धरायचे आणि विचारायचे, "काय उतरलं? कुठं उतरलं?" बायकापोरांची चौकशी मागाहून.

एकच प्रश्न घेऊन जगणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे मोठ्या आगबोटींवर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. नोकरी सुटल्यावर रेवदंड्याला परतले आणि खाडीवरच्या माझ्या कौलांच्या वखारीत येऊन बसू लागले. लिहिता येत नव्हतं, म्हणून वखारीच्या मातीच्या भिंतीवर रेघा ओढायचे. विलायतेत माल उतरवलेल्या बोटीची रेघ चुन्याची, जर्मनीत उतरवलेल्या बोटीची गेरूची. खाली कापसाला टिंब, शेंगदाण्याला फुली. दर ईदेला नवी ओळ. गावची कितीतरी माणसं बोटींवर, त्यामुळे बातमीला तोटा नव्हता.

मी मराठी दुसरी शिकलेला. त्या जोरावर सांगायचो, "चौदा सालच्या लढाईत हरलेला मुलुख तो. तो काय माल घेणार? विलायतेची बरोबरी व्हायची न्हाय."

"भिंत बघ ना, भाऊ. मी कुठं बोलतोय?"

आणि भिंतीवर वर्षागणिक लाल रेघा वाढत पांढऱ्यांच्या जवळ येत चालल्या होत्या. वखारीत टेकणारे कोळी मला डिवचायचे, "शेठ, तुमचा हरलेला जर्मन लय खातोय." मी काही केल्या कबूल होईना.

मग मंदी आली. दोन्ही रंगांच्या रेघा घटल्या, पण लाल फारच. मी सगळ्यांसमोर टाळी वाजवली. "बघा, मेला तुमचा जर्मन."

तांडेल हसले नाहीत. "माल उतरत न्हाय म्हणजे गोदीतली माणसं घरी बसलीत, भाऊ. मी तिथं तापानं पडलो तवा त्यांनीच मला दूध पाजलं. तू हसतोस कशाला?"

कोळी खाली बघू लागले. ते मला फार लागलं.

त्याच आठवड्यात शाळेचे मास्तर म्हणाले, रविवारी येतो, भिंतीवरचं सगळं वहीत उतरवून घेतो आणि मुंबईच्या पेपरला पाठवतो. तांडेलांनी दाढीला मेंदी लावली. शिकलेला माणूस त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच लिहून घेणार होता.

शनिवारी दुपारी मी शेण कालवलं आणि भिंत सारवली. गड्याला सांगितलं नाही, माझ्याच हातांनी सारवली.

रविवारी मास्तर वही उघडून उभे. "अहो, हे कोणी केलं?"

तांडेलांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. नखांत अजून शेण होतं.

"मीच सांगितलं सारवायला," ते म्हणाले. "चुकीचं होतं सगळं, मास्तर. म्हाताऱ्याचा खेळ. तुम्हाला उगा तरास."

मास्तरांनी वही मिटली. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. बोललो नाही.

त्यानंतर ते वखारीत आले नाहीत. वाटेत दिसले की सलाम करायचे, आणि मी नजर वळवायचो. दोन पावसाळ्यांनी गेले.

माती देऊन कब्रस्तानातून परतताना मास्तर माझ्याबरोबर होते. म्हणाले, "माणूस भला होता. फक्त जगाचं आपल्याला कळतं असं उगाच वाटायचं बिचाऱ्याला."

मी म्हटलं, "व्हय."