मैनाकाकूंचं दुसरं लग्न

“माझं लगीन कवा लावलं रं संजू तू?”

काउंटरपुढे सहा-सात माणसं उभी होती. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मैनाकाकूंनी पासबुक टेबलावर आपटलं.

“दोन महिने झाले, पेन्शन न्हाई. पोरगं हिंगोलीला जाऊन आलं. तिथं म्हणले, तुमच्या आईनं दुसरं लगीन केलंय, आता पेन्शन कशाची?”

मी कुरुंद्यात ऑनलाइन कामाचं सेंटर चालवतो. सातबारा, पीकविमा आणि नोव्हेंबर आला की हयातीचे दाखले. आपण अजून जिवंत आहोत, हे पेन्शनवाल्याला दरवर्षी कळवावं लागतं. मशीनवर अंगठा ठेवला, आधारशी जुळला, की काम झालं.

मैनाकाकू सत्तरीच्या. नवरा पाटबंधारे खात्यात चौकीदार होता. तो गेल्यावर त्यांना फॅमिली पेन्शन सुरू झाली. म्हणजे कर्मचाऱ्याच्या माघारी त्याच्या बायकोला मिळते ती. तिनं पुन्हा लग्न केलं, तर ती बंद होते. फॉर्ममध्ये तसा प्रश्नच असतो.

नोव्हेंबरात त्या आल्या, तेव्हा त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. जन्मभर हळद काढून, शिजवून बोटांच्या रेषा झिजलेल्या. चार वेळा फॉर्म भरला, चार वेळा मशीननं नाकारला. मागे दत्ताकाका बसले होते. एका खासगी कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांचाही दाखला काढायचा होता. वेळ जावा म्हणून मी व्याख्यान सुरू केलं. मला ती सवय आहे.

“काकू, सरकारी पेन्शन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणाच्या बापाला पुसता येत नाही. प्रायव्हेटचं तसं नाही.”

“काहून? मला बी येते की पेन्शन,” दत्ताकाका म्हणाले.

“येते, पण वाढते का?”

“वाढत न्हाई. गॅसची टाकी न थोडं दूध, एवढ्यात संपते.”

“तेच सांगतोय. काकूंना महागाई भत्ता आहे. महागाई वाढली की पेन्शन वाढते.”

हे बोलता बोलता मी पाचव्यांदा फॉर्म भरत होतो. ‘पुनर्विवाह केला आहे का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ दाबलं. आणि अंगठा नेमका त्याच वेळी जुळला. मी प्रिंट दिली, चार्ज घेतला. काकूंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. तो ना त्यांनी वाचला, ना मी.

आता हे सगळं अंगावर आल्यावर मी काय करावं? आधी सर्व्हरवर ढकललं. आमच्या धंद्यात सर्व्हरला फार सोसावं लागतं. मग कॉम्प्युटरमधली कॉपी उघडली. तिथं स्वच्छ ‘होय’. नशीब, नवऱ्या मुलाचं नाव विचारलं नव्हतं. नाहीतर तेही मी भरलं असतं.

“माझीच चूक आहे काकू,” मी म्हणालो.

त्या स्टुलावर बसल्या. आवाज उतरला. “लोक हसून राहिले, ते जाऊ दे. पर पेन्शन होती तवर सून सकाळी चहाला आवाज द्यायची. आता मीच चुलीपाशी जाऊन बसते.”



दुसऱ्या दिवशी सेंटरला कुलूप लावलं आणि काकूंना एसटीनं हिंगोलीला नेलं. कोषागारात, म्हणजे जिथून सरकारी पेन्शन निघते त्या ऑफिसात, एका मॅडमनी कागद पाहिला.

“तुम्ही मुलगा का?”

“नाही मॅडम. फॉर्म मी भरलाय.”

“म्हणजे लग्न लावणारे भटजी तुम्हीच!”

टेबलाटेबलावर हसू फिरलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मॅडम मात्र काकूंकडे वळल्या. “आजी, घाबरू नका. पेन्शन गेलेली नाही, नुसती थांबवलीय. चूक झाल्याचा अर्ज द्या, पुन्हा लग्न केलं नसल्याचा गावचा दाखला आणा, नवीन हयातीचा दाखला काढा. थांबलेले महिनेही मिळतील.”

गावच्या दाखल्यावर दोन साक्षीदार लागले. ‘या बाईंनी लग्न केलेलं नाही’ यावर सही करायला अर्धं गाव तयार होतं. पहिली सही दत्ताकाकांनी केली. करता करता म्हणाले, “माझी पेन्शन एक तारखेला आली बरं का, संजू. लहान हाय, म्हणून कुणाचा हात लागत न्हाई.”

नवीन फॉर्म भरताना मी तोंड बंद ठेवलं. प्रत्येक ओळ काकूंना वाचून दाखवली. लग्नाचा प्रश्न आला तशा त्या म्हणाल्या, “आता तरी न्हाई म्हण बाबा.”

मार्चात थांबलेल्या महिन्यांसकट पेन्शन जमा झाली. काकू मोबाइलवरचा मेसेज दाखवायला आल्या. “बराबर आली. वरची वाढ बी आली,” म्हणाल्या. “आज सुनेनं दोनदा चहा केला.”

लोक अजूनही मला विचारतात, कोणती पेन्शन पक्की? मी पुण्यात आठ वर्षं एका कंपनीत होतो. नोकरी सोडली तेव्हा पीएफ काढला आणि त्यातला पेन्शनचा हिस्साही काढून घेतला. त्यातून सेंटरचा पहिला कॉम्प्युटर आला. म्हणजे माझ्या म्हातारपणाची सोय आज टेबलावर आहे आणि दुपारी तापली की बंद पडते. तेव्हा माझं मत कुणी फार मनावर घेऊ नये. पण एवढं पाहिलंय: काकूंची पेन्शन एका क्लिकवर थांबली, आणि ती परत मिळवायला जायला एक ऑफिस होतं. माझी थांबायला मुळात सुरूच व्हायची नाही.