मॉरीनच्या घराण्यातली होनोरा

चोरांच्या वंशजांना चहा पाजायचं काम घेतलं की किस्से आपोआप गोळा होतात, ते लिहून ठेवावे लागत नाहीत. लिमरिकजवळच्या आमच्या छोट्या आयरिश गावात शनिवारी नवरा क्रिकेटला जातो आणि मी लायब्ररीत. तिथल्या मागच्या खोलीत जुन्या नोंदी आहेत. इथून शिक्षा होऊन जहाजानं ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या बायकांचे आजचे पणतू, खापरपणतू तिकडून येतात आणि आपली बाई शोधतात. खोलीची मालकीण म्हणजे ब्रीड, रिटायर्ड शाळामास्तरीण. मी कॉम्प्युटरवाली, म्हणून यादी करायचं काम माझ्याकडे.

*

ब्रीडचा एकच नियम आहे: आधी चहा, मग रजिस्टर.

"रिकाम्या पोटी कुणालाही आपल्या आजीचा गुन्हा सांगायचा नाही," असं तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं. गुन्हा कितीही मोठा असो, ती रजिस्टर बंद करताना एवढंच म्हणते, "मेंढीच तर नेली बिचारीनं. शी वॉज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत चांगली, काही वावगं नसलेली.

*

एकदा सिडनीचे एक गृहस्थ आले. तीन शनिवार शोधलं, तेव्हा कळलं की त्यांची पणजी गुन्हेगार नव्हतीच. स्वतःचं तिकीट काढून, बोटीत बसून, रीतसर गेली होती.

माणूस एवढासा झाला. तिकडे सगळ्या मित्रांकडे एकेक चोर आहे, यांच्याकडे कुणी नाही. ब्रीडनं त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली आणि म्हणाली, "धीर सोडू नका. पणजोबांचं अजून बघितलेलं नाही."

*

माझीही एक चूक सांगते. यादीचं सॉफ्टवेअर करताना ऑफिसच्या सवयीनं मी एक कॉलम टाकला होता, 'सिव्हिरिटी'. आमच्याकडे प्रत्येक बगला, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीला, ती किती गंभीर आहे त्यावरून हाय, मीडियम, लो असं लेबल लागतंच. हात आपोआप गेला.

एक बाई स्क्रीनकडे बघत थबकल्या. त्यांच्या आजीच्या आजीनं रुमाल चोरला होता आणि मी तिला 'लो' दिलं होतं.

"सात वर्षं दिली होती तिला," त्या म्हणाल्या. "सात वर्षांना तुमच्या ऑफिसात लो म्हणतात?"

मी तिथल्या तिथे 'हाय' केलं. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर पाठवला. त्या संध्याकाळी मी तो कॉलमच उडवून टाकला, कारण ज्यांच्या आजीला 'मीडियम' होतं ते गप्प बसले नसते.

*

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. घरात एकटी काय करणार, म्हणून मी तिला लायब्ररीत घेऊन जायचे. आई मराठीत बोलायची, ब्रीड इंग्लिशमध्ये, आणि दोघींचं छान चालायचं. मी मध्ये पडले की उलट गोंधळ व्हायचा.

भिंतीवर पाहुण्यांनी पाठवलेल्या फ्रेम आहेत: आजीचं नाव, जहाजाचं नाव, गुन्हा. आईनं मला एकेक वाचायला लावली.

"आपल्याकडं घरात कुणी चोरी केली तर सात पिढ्या झाकत्यात," ती म्हणाली. "हितं खिळा ठोकून लावत्यात."

तरी ती दर शनिवारी त्या फ्रेम पुसायची. मला आईचा आणि त्या बायकांचा, सगळ्यांचाच अभिमान वाटायचा.

*

आई होती तेव्हाच ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरून मॉरीन आली. वय शहात्तर, सोमवारी परतीचं विमान, आणि आमची खोली उघडी फक्त शनिवारी. म्हणजे हातात एकच दिवस.

तिच्या घराण्यात पूर्वी होनोरा नावाची एक बाई होती, जिचं नाव कुणी घेत नसे. होनोराची मुलगी एलन, तिच्यापासून यांचं सगळं कूळ. एलन कापड चोरल्याच्या शिक्षेवर टास्मानियाला आली, ते सगळे हसत सांगत. पण मागून आलेल्या तिच्या आईबद्दल मॉरीनची आई एवढंच म्हणे, "तिनं माणसं जाळली." आता मॉरीनला नात झाली होती आणि तिचं नाव होनोरा ठेवावं अशी तिची इच्छा होती. मुलगा म्हणाला, आधी बघून ये, खरंच माणसं जाळली का.

रजिस्टरमध्ये एकच शब्द होता: आग. ब्रीडनं दुसरा चहा ठेवला. मी जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म वाचायचं मशीन लावून बसले. दुपारी दोनला कोर्टाची बातमी सापडली. आधी मनात वाचली, मग मोठ्यानं.

दुष्काळाचं वर्ष. होनोरानं जमीनदाराची गवताची गंजी पेटवली. माणूस सोडा, कोंबडीही भाजली नाही. पेटवून ती तिथेच पोलिसांची वाट बघत बसली, कुणी येईना म्हणून स्वतः चालत चौकीत गेली. न्यायाधीशांना तिच्या वयाची दया आली. त्यांनी फक्त सहा महिने तुरुंग दिला, तोही इथलाच.

त्यावर ती म्हणाली, "साहेब, माझी मुलगी टास्मानियात आहे. सहा महिन्यांच्या शिक्षेवर तिथे धाडत नाहीत. जमीनदाराच्या शेतात अजून दोन गंज्या आहेत."

शिक्षा बदलली. सात वर्षं, समुद्रापार. तिनं साहेबांना आशीर्वाद दिला, असं छापलं होतं.

मॉरीन ताठ बसली. "पुन्हा वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचलं. मग तिनं मुलाला मेसेज केला, "नाव होनोराच," आणि चष्मा काढून ठेवला.

आई माझी बाही ओढत होती, तिला काही कळलं नव्हतं. मी सगळं मराठीत सांगितलं, गंज्यांसकट. तिनं मशीनवरच्या त्या अंधुक अक्षरांवर बोट ठेवलं.

"माझा हितं यायचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला," ती म्हणाली, "तवा मला ह्ये कसं सुचलं न्हाई?"