केशोरीच्या पुढे, मुलींची कबड्डी बघायला

जायचं होतं नवेगावबांधला. तलाव बघायचा, हिवाळ्यात तिथे उतरणारे पक्षी बघायचे आणि संध्याकाळी परत. माझे प्रवास ठरल्याप्रमाणे होत नाहीत हे घरी माहीत आहे, म्हणून वर्ध्याहून निघताना आई 'कुठे' विचारत नाही, 'परत कधी' एवढंच विचारते.

आदल्या रात्री गोंदियात मैत्रिणीकडे राहिले. सकाळी बल्लारशाहकडे जाणारी पॅसेंजर धरली. तिकीट इतकं स्वस्त की स्टेशनवरचा नाश्ता त्याहून महाग पडतो. खिडकीची जागा मिळाली, बाहेर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, मध्येच लाखोळीचा हिरवा तुकडा, आणि मी बघत काय होते तर मोबाईल. आयर्लंडमधल्या बायकांचा फुटबॉल. गेलिक फुटबॉल म्हणतात त्याला. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलांवर स्वतःच्याच पायावर ठोकून परत हातात घ्यायचा, समोरची अंगावर आली तरी थांबायचं नाही, आणि मग लांबून उंच दांड्यांमधून लाथ. असला वेग मी बायकांच्या खेळात कधी बघितला नव्हता. खरं सांगायचं तर बायकांचा खेळच मी फारसा कधी बघितला नव्हता. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं की हे फुकट दाखवलं तरी मी बघणार नाही. त्याच्याखाली भांडण पेटलेलं. ते भांडण वाचता वाचता देवळगाव स्टेशन निघून गेलं. नवेगावबांधला जाणाऱ्यांनी तिथे उतरायचं असतं. मी उतरले पुढे, अर्जुनीला.

स्टेशनबाहेर आलूपोंगा खाल्ला. बटाट्याचं सारण भरलेली तळलेली नळी. गरम असेल तरच खा, गार झाला की चामडं. केशोरीकडे जाणारी काळीपिवळी, म्हणजे सीटवर चालणारी जीप, उभी होती. ड्रायव्हरने विचारलं, "बसता का जी?" आणि मी बसले. कारण विचारू नका.

गाडीत आधीच एक अख्खा संघ कोंबलेला होता. चिचगडकडच्या कबड्डीच्या मुली, आणि त्यांना खेळ शिकवणाऱ्या मॅडम. केशोरीच्या पुढच्या एका गावात स्पर्धा होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेजारी बसलेली मुलगी माझ्या मोबाईलमध्ये डोकावली.

"ताई, हा कोनता खेळ व्हय?"

मी व्हिडिओ पहिल्यापासून लावला. फोन हातोहात फिरला. ती शेजारची, करिश्मा, संघाची मुख्य रेडर, खेळ बघतच नव्हती. तिने मध्येच व्हिडिओ थांबवला आणि मैदानामागची गर्दी बोटाने मोठी केली.

"हे सगळे त्या पोरीईचे घरचे व्हय का?"

"नाही. असेच आलेत बघायला."

"असेच?"

मागून एक जण म्हणाली, "फेकून नोको राहू जी ताई." सगळ्या हसल्या. मॅडमही.

करिश्मा बारावी झालेली. गोंदियात पोलीस भरतीची तयारी करून घेतात, तिथे कबड्डीही शिकवतात, राहायची सोय आहे. मॅडमनी खटपट करून तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली. आणि देवरीकडून एक स्थळही आलेलं. दोन्हींतलं एक होणार होतं आणि ते आज ठरणार होतं, कारण तिचे वडील पहिल्यांदा तिचा सामना बघायला येणार होते.

"बाबा म्हनतात, न पाहता हो बी म्हनत नाही, नाही बी म्हनत नाही. डोळ्यानं पाहातो, मंग सांगतो." हे सांगताना तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. अभिमानच होता. इतर मुलींचे बाप न बघताच नाही म्हणतात.

पक्षी गेले उडत. मी सामना बघायला जायचं ठरवलं.

केशोरीपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे जंगल लागतं आणि खड्डेही. काळीपिवळीचे चाळीस रुपये झाले. गावात पोचलो तर मैदान बघून मी खूशच झाले. कापलेल्या बांधीतली माती सपाट करून, पाणी मारून, शेणाने सारवलेली, तळहातासारखी गुळगुळीत. तीन बाजूंना बसायला तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, पसरलेली आणि चौथ्या बाजूला पताका लावलेला मंच. मैदान कोणी केलं विचारलं, तर गावातल्या बायांनी, आठवडाभर खपून. त्या बाया कुठे आहेत विचारलं, तर घरी. पत्रकावर पुरुषांचे गट, उपांत्य, अंतिम असं सगळं छापलेलं, आणि खाली एका ओळीत: महिलांचा प्रेक्षणीय सामना. म्हणजे गट नाही, स्पर्धा नाही. दोन संघ बोलवायचे, एकदा दाखवायचे.

सामना दुपारी जेवणानंतर होता. पुरुषांचे सामने लांबत गेले. मुली बुटांच्या नाड्या बांधून शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या, एकदा सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. मॅडम दोनदा मंचाजवळ जाऊन आल्या. "होते जी मॅडम, होते," एवढंच उत्तर. मी तेवढ्यात भजे खाल्ले, एका म्हाताऱ्याबरोबर तलावातल्या मासोळ्यांवर गप्पा मारल्या, दोरी लावून बायकांसाठी राखलेल्या कोपऱ्यात जाऊन बसले. तिथे आम्ही पाच-सहा जणी. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमची कोन खेळते?"

"कोणी नाही."

"मंग?"

"बघायला आले."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "पोरीईचा खेळ मानसं पाहातात, बाई. मी तं भाचीसाठी आली. काल नाटक होतं, तवा येऊन पाहाव लागत होतं, हा कोपरा भरून गेलता."

मग भजेवाल्याने विचारलं, तुमची कोण. मग पाण्याच्या टाकीजवळ एका स्वयंसेवकाने. नात्याशिवाय कोणी मुलींचा सामना बघायला येतं, हे त्या अख्ख्या गावात कोणाच्या डोक्यात बसत नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा करिश्माचे वडील आले. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, मोटरसायकलवरून आल्यामुळे केस धुळीने माखलेले. शांत माणूस. पोरीशी दोन शब्द बोलले आणि तणशीवर, अगदी रेषेजवळ, मांडी घालून बसले. जागा उत्तम होती. तिथून खेळाडूंचा दमसुद्धा ऐकू आला असता.

त्यांना तिथे राहू दिलं असतं तर?

पण मंडळाच्या अध्यक्षांना कोणीतरी सांगितलं की रेडरचे वडील आलेत. अध्यक्ष स्वतः खाली उतरले, हात जोडले. "असं खाली काऊन बसून राहिले जी? तुम्ही आमचे पाव्हने." यात कोणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर लिहीन. इकडे पाहुण्याला तणशीवर बसू देणं म्हणजे गावाची लाज. त्यांना मंचावर नेलं, शाल घातली, नारळ दिला, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आणि माईकवाल्याने, ज्याची जीभ दिवसभर हिंदी-मराठी मिसळून चाललेली होती, जाहीर केलं, "तो मित्रहो, आपली चिचगडची स्टार रेडर करिश्मा, तिचे बाबूजी खास आपल्या मंचावर विराजमान हायेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. आणि समोरच्या तणशीतून एक आवाज आला, "मामाजी, राम राम!"

आमच्या विदर्भात सासऱ्याला मामाजी म्हणतात. तणस हसली. माईकवाल्याला वाटलं आपण आवरावं. तो म्हणाला, "अरे पोट्टेहो, मामाजीले आधी सामना तं पाहू द्या गा." झालं. मामाजी हे नाव आता माईकवरून पक्कं झालं.

आता मंचाची रचना लक्षात घ्या. मंचावर बसणाऱ्याच्या समोर मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे, बरोबर नजरेच्या रेषेत, पोरांनी भरलेली तणस. मला बायकांच्या कोपऱ्यातून मैदान दिसत होतं, आणि मान वळवली की मंच. पहिल्या दोन रेडपर्यंत त्या माणसाने खेळ बघायचा प्रयत्न केला. खाली वाकून, गुडघ्यावर कोपरं ठेवून. मग तिसऱ्या रेडला करिश्मा पाय लांब टाकून खाली गेली आणि समोरच्या पोरांचे मोबाईल एकदम वर आले, आणि वडिलांची नजर त्या मोबाईलवर गेली ती परत आलीच नाही.

करिश्माने बोनस घेतला, "मामाजी, बधाई हो!" करिश्मा पकडली गेली, "हळू पकडा व, मामाजी पाहून राहिले!" कोणीतरी माईकवर बक्षीस जाहीर करवलं, "मामाजीच्या लाडक्या लेकीसाठी, एका चाहत्यातर्फे." नाव सांगितलं नाही म्हणून आणखी हशा. अध्यक्ष पण हसत होते, पाहुण्याच्या पाठीवर थाप मारून. त्यांच्या लेखी रंगत आली होती.

मॅडमनी पंचांना सांगितलं, पोरांना आवरा. पंच म्हणाले, "मॅडम, पब्लिक हाये. पब्लिकले काय म्हनाव?"

सामना मात्र असा झाला की आठवलं तर अजून अंगावर काटा येतो. शेवटच्या रेडला चिचगड एका गुणाने मागे. करिश्मा आत गेली, तोंडात कबड्डी कबड्डी एका सुरात, डावीकडच्या मुलीला हात लावला, आणि परतताना उजवीकडचीने घोटा धरला. मग दुसरी कमरेवर. मग तिसरी. ती आडवी पडली, तिघींसकट सरकली, सारवलेल्या मातीवर तिच्या कोपरांचे ओरखडे उठले, दम तुटू दिला नाही, आणि बोटांची टोकं मध्यरेषेच्या पार. पंचाने हात वर केला. धरलेल्या तिघी बाद, जिला हात लावला ती बाद, सामना जिंकला. मी उभी राहून ओरडत होते. शेजारची बाई माझा कुर्ता ओढत होती, "बसा न, बाई, लोकं पाहून राहिले."

मी मंचाकडे वळले. करिश्माचे वडील खुर्चीतून अर्धे उठले होते, पण ते रेषेकडे बघत नव्हते. तणशीतला एक पोरगा जमिनीलगत मोबाईल धरून वाकला होता, पडलेल्या मुलींच्या दिशेने, आणि ते त्याच्याकडे बघत होते. मग बसले.

कप त्यांच्याच हातून दिला. हाही मानच. फोटोवाल्याने दोघांना जवळ उभं केलं आणि तणस ओरडली, "मामाजी, हसा की!" लगेच माईकवर पुरुषांच्या उपांत्य सामन्याची घोषणा झाली आणि जे मघाशी बाजूला विड्या ओढत होते तेही येऊन बसले.

बाहेर चहाच्या टपरीवर मी, मॅडम, करिश्मा आणि तिचे वडील. शाल घडी करून त्यांनी मोटरसायकलच्या डिकीत कोंबली होती. करिश्माच्या कोपरातून रक्त येत होतं, तिला पत्ता नव्हता.

"बाबा, शेवटची रेड पाहिली का?"

"नाही."

"समोरच तं होते तुम्ही."

"समोर पोट्टे होते."

मॅडम मध्ये पडल्या. "भाऊ, चार टवाळ पोरांमुळे..."

"चार नोहोत, मॅडम. मी वर बसलो होतो. मले सगळे दिसून राहिले होते." मग पोरीकडे बघून, अजिबात न चिडता, "तुया खेळ खराब नसन. पाहनारे खराब हायेत."

"मंग त्याईले घरी बसवा. मले काऊन?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "त्याईचा बाप मी नाही. तुया आहो."

मी बोलले. राहवलंच नाही. म्हटलं, काका, मी बघितली ती रेड, अशी रेड मी जन्मात बघितली नाही. त्यांनी माझ्याकडे नीट, आदराने बघितलं आणि विचारलं, "तुमची कोन खेळत होती, बाई?"

दिवस मावळायच्या आत ते तिला मागे बसवून निघून गेले. कप मॅडमच्या हातात राहिला.

मी रात्री शाळेत मुलींबरोबर झोपले, सकाळी पहिल्या गाडीने अर्जुनी. गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पला जाऊन यायचा विचार होता, गेले नाही. तुम्ही जा. डिसेंबर-जानेवारीत हा सगळा भाग सुंदर असतो, थंडी कडक, स्वेटर न्या. कबड्डीचे सामने गावोगावी असतात, जेवणाचं कोणी ना कोणी विचारतंच. पत्रकावर प्रेक्षणीय सामना दिसला तर थांबून बघा, आणि तुमची कोण खेळते विचारलं तर माझ्यासारखं गप्प बसू नका. काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी करिश्माचा फोन आला. "ताई, तुमच्याकडं शेवटच्या रेडचा व्हिडिओ हाये का? बाबाले दाखवाव म्हनते."

नव्हता. तिथे इतके मोबाईल तिच्यावर रोखलेले की मला माझा बाहेर काढवलाच नाही. मला वाटलं होतं, मी तेवढं तरी बरं केलं.

"ठीक हाये," ती म्हणाली. "त्या पोट्ट्याईनं काढलेला फिरून राहिला, तो हाये मायाकडं. त्यात रेड पुरी दिसते."

पुढच्या आठवड्यात मीच फोन केला. तिने तो व्हिडिओ वडिलांना दाखवला होता, आवाज पूर्ण बंद करून. त्यांनी मोबाईल हातात घेऊन सगळी रेड बघितली, पार मध्यरेषेपर्यंत. म्हणाले, चांगली हाये.

"मग?"

"मंग म्हने, याचा आवाज काऊन बंद केला?"

देवरीच्या स्थळाचे लोक रविवारी बघायला येणार आहेत.