सहाव्या दिवशी आलेली माणसं

माझा नवरा गेला त्याच्या सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. मला वाटलं, त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी असेल. दारात दोन बायका आणि एक निवृत्त वाटणारे गृहस्थ उभे होते. बायकांच्या अंगावर सारख्याच मोतिया साड्या. चपला त्यांनी बाहेर नीट ओळीत काढल्या, आणि मी काही विचारायच्या आत त्यांतली मोठी बाई सरळ आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला.

“माई, तुमचा मुलगा संपलेला नाही. पुढे निघालाय. पण वाटेत अडकलाय.”

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सहा दिवसांत त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली. “अडकलाय म्हणजे?”

“तुमच्या घराला गुरू नाही ना, म्हणून.”

मी तेव्हा काय केलं? चहा केला. त्या चहाचा मला आजही राग येतो. डोकं चालत नव्हतं. घरात माणूस आलं की गॅस पेटवायचा, एवढंच हातांना माहीत होतं. साखर किती घालू, हेसुद्धा मी त्यांना विचारलं.

ठाकुर्लीच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच राहायचो. आम्हाला मूल नाही. तो बावन्नाव्या वर्षी गेला. सकाळी दाढी करताना छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलेलं. आता घरात आम्ही दोघी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्याच्या जाण्याचा मेसेज टाकला होता, फ्लॅट नंबरासकट. तो कुठून कुठे फिरला कोण जाणे.

मी देव न मानणारी बाई नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती येतो, मोदक मीच वळते. पण मी डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सत्तावीस वर्षं टेक्निशियन आहे. भूल उतरली नसलेल्या माणसाची कुठल्याही कागदावर सही घ्यायची नसते, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोरीलाही कळतं. आई त्या दिवसांत भुलीतच होत्या. मीही.

तेराव्यानंतर आईंशी बोललेली ती मोठी बाई पुन्हा आली. मग दर गुरुवारी दुपारी आईंना न्यायला गाडी यायला लागली. कल्याणला एका हॉलमध्ये त्यांची प्रार्थना असायची. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तिथून आल्यावर आई अर्धी पोळी जास्त खायच्या. तिथल्या एक-दोघी खरोखर मायेच्या होत्या, त्यांना घरापर्यंत सोडायला यायच्या. मी म्हटलं, माझ्याच्याने होत नाही ते यांच्याकडून होत असेल तर होऊ दे.

महिना-दीड महिना असा गेला. एका संध्याकाळी आम्ही मटार सोलत बसलो होतो. आई एकदम म्हणाल्या, “मीच कमी पडले गं.”

“कशात?”

“त्याला वेळेवर गुरूंकडे नेलं असतं तर त्याच्याभोवती कवच राहिलं असतं. आईने नेलं नाही की मुलाला भोगावं लागतं.”

“हे कोण म्हणालं तुम्हाला?”

“तिथे सांगतात. माझ्याकडे बघून नाही सांगत. पण मला कळतं ना.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, कपाटातून त्याची फाईल काढली आणि आईंच्या समोर ठेवली.

“आई, हे वाचा. हे रक्त मी काढलंय, माझ्या हाताने, आठ महिन्यांपूर्वी. कोलेस्टेरॉल बघा. साखर बघा. मी त्याला तीनदा म्हटलं, हृदयाची तपासणी करून घे. तो म्हणाला, मार्च संपू दे. आणि मी ऐकलं. मी रोज बाहेरच्या लोकांच्या मागे लागते आणि त्याच्या मागे लागले नाही. दोष द्यायचाच असेल तर मला द्या. तुम्ही त्याला कुठे नेलं आणि कुठे नाही, याचा काही संबंध नाही.”

हे मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आई कागदांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या.

“हे आधी का नाही बोललीस?”

“धीर नव्हता.”

त्यांनी मटारचं ताट बाजूला सरकवलं आणि मला जवळ ओढलं. तो गेल्यापासून आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र रडलो.

पुढच्या शनिवारी ती मोतिया साडीवाली बाई आली. फार उत्साहात होती. “माई, उद्या मोहने गावात यायचंय. तरुण मुलगा गेलाय, बाईक घसरून. उद्या नववा दिवस. त्याची आई काही ऐकून घेत नाही. तुम्ही बोललात तर तिला पटेल. तुमचाही मुलगाच ना.”

“मीही येणार,” मी म्हटलं.

तिला ते फारसं आवडलं नाही, पण हो म्हणाली. “पत्ता माईंच्या फोनवर पाठवते. ताई, जरा त्यांचा नंबर काढून द्या, मी चष्मा विसरले.” तिने मोबाईल माझ्या हातात दिला.

आईंचं नाव टाकलं तर सापडेना. नंबर टाकला. स्क्रीनवर आलं: ‘ठाकुर्ली आजी मुलगा गेला.’ शोध पुसून मी नावांची यादी जरा सरकवली. ‘डोंबिवली काका पत्नी कॅन्सर.’ आणखी सरकवली. ‘शहाड ताई बाळ.’

फोन तसाच उघडा आईंच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला, त्या बाईला परत दिला आणि शांतपणे म्हणाल्या, “उद्या किती वाजता निघायचं?”

मला वाटलं, त्यांना कळलंच नाही.

मोहन्यात ते घर चाळवजा, दोन खोल्यांचं. बाहेर शेजारणी बसल्या होत्या. मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती, चाळिशीतली, ओठ कोरडे. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. मोतिया साडीवाली तिच्याजवळ सरकली आणि तेच सगळं सुरू केलं: अडकणं, वाट, कवच. मग आईंकडे हात करून म्हणाली, “या माईंचा अनुभव ऐका. यांचाही कर्ता मुलगा गेला. सांगा माई.”

आई त्या मुलाच्या आईसमोर जाऊन बसल्या. मग त्यांनी तिला विचारलं, “काय आवडायचं गं त्याला खायला?”

ती दचकली. नऊ दिवसांत तिला हे कुणी विचारलं नसावं. “सुकट,” ती म्हणाली. “सुकट नि भाकर. येताना दारातूनच वास घ्यायचा. बोलायचा, आये, आज जास्त टाक.” आणि तिचा बांध फुटला. शेजारणीही रडायला लागल्या.

“माई,” मोतिया साडीवाली हळूच म्हणाली, “तो गुरूंचा अनुभव सांगा ना.”

आई तिच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण शाळेत मुलांना उभं करताना त्यांचा जो आवाज लागत असेल तो मला त्या दिवशी कळला. त्या तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या.

“सांगते. माझा मुलगा गेला आणि तुम्ही सहाव्या दिवशी आलात. त्या दिवशी तुम्ही मला खांबाला प्रदक्षिणा घालायला सांगितलं असतंत तरी मी घातली असती. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही सहाव्या दिवशी आलात. हिच्याकडे नऊ दिवसांच्या आत आलात. माझ्यामुळे मुलगा गेला असं मी दीड महिना मानून बसले होते. हाच माझा अनुभव.”

“माई, आम्ही सेवा करतो…”

“सेवा करायची तर त्या मोरीत भांडी पडलीत, ती घासा.”

आईंनीच पदर खोचला. मी म्हटलं, तुम्ही बसा, आणि भांडी मी घासली. माझं होईपर्यंत मोतिया साडीवाली निघून गेली होती, अर्थात आम्हाला घेऊन आलेल्या तिच्या गाडीसकट. निघताना आई त्या मुलाच्या आईला म्हणाल्या, “वर्षभर कुणालाच हो म्हणू नकोस. मलासुद्धा नाही. मग तुला जावंसं वाटलं तर जिथे वाटेल तिथे जा.”

रिक्षात बसल्यावर आईंनी खोचलेला पदर सोडला. “जास्त बोलले का गं?”

“कमीच बोललात.”

पुढचे कितीतरी गुरुवार त्यांना जड गेले. तीनच्या सुमाराला त्या उगीच खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. त्या मायेच्या दोघींपैकी एक गुपचूप भेटायला आली, तिला आम्ही अजून बोलावतो.

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की, मृत्यूच्या मेसेजमध्ये फ्लॅट नंबर टाकू नका, आणि घरच्यांनी बोलावल्याशिवाय कुठल्याही पंथाच्या, कुठल्याही धर्माच्या माणसाला वर सोडू नका. त्यावरून महाभारत झालं. अध्यक्षांनी मला धर्मविरोधी ठरवलं. दोन घरांनी बोलणं सोडलं. मी तो मेसेज दर महिन्याला पुन्हा टाकते.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले आणि आठवड्याच्या आत तीच बाई लिफ्टपाशी दिसली. मी समोर उभी राहिले.

“तुम्ही कोण अडवणार?” ती म्हणाली.

“मी इथे राहते. त्या आजींनी तुम्हाला बोलावलंय का?”

ती गेली. चार महिन्यांनी त्या आजींनी स्वतःच कुठूनतरी नंबर मिळवला आणि त्या आता गुरुवारी कल्याणच्या हॉलला जातात. मला जिन्यात भेटल्या तेव्हा जरा ओशाळल्या. मी त्यांची पिशवी खाली नेऊन दिली आणि रिक्षा थांबवली.